सुमितच्या नावाची भिंत

नवनाथ भावजींचं वागणं मला कधीच पटलं नाही, आणि हे मी त्यांच्या पाठीमागं बोलत नाही, अकरा वर्षं तोंडावर सांगत आले. ते माझे चुलत दीर. दौंडला रेल्वेत फिटर. माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. पण दरवर्षी चौदा एप्रिलला शिरूरला यायचं, निळा फेटा बांधून मिरवणुकीत चालायचं, माझ्याकडं पोटभर जेवायचं, आणि हात धुतले की आमच्या शेजारच्या स्वतःच्या घरापुढं कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. उभं म्हणजे चांगलं पाच मिनिटं. मग सुपारी या गालातून त्या गालात न्यायची आणि म्हणायचं, "वहिनी, यंदा काहीतरी करायला पायजे." एवढं बोलून चारची एसटी धरायची.

पहिल्या वर्षी मला वाटलं, करतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, विसरले असतील. पाचव्या वर्षी त्यांच्या आधी मीच म्हणाले, "भावजी, यंदा काहीतरी करायला पायजे, न्हाई का?" तर म्हणाले, "व्हय ना, बघा की." आणि चारची एसटी धरली.

घर म्हणजे काही राजवाडा नव्हता. मातीत बांधलेल्या विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा. भावजींची आई, भामाबाई, त्यात राहायची. ती होती तोवर घर असं लिंपलेलं असायचं की जमिनीवर भाकरी ठेवून खावी. ती गेली, भावजींनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली दौंडला नेली. त्यानंतर एकेक करून वरचे पत्रे गेले, आतली भांडी गेली, पण दाराचं कुलूप शेवटपर्यंत शाबूत. चोर वरून आत उतरायचे आणि भावजी कुलूप हलवून बघून म्हणायचे, "बंदोबस्त चांगला हाय."

त्या घराची आमच्या बाजूची भिंत लांब आणि सपाट. रस्त्यावरून आमच्याकडं वळलं की आमचं घर दिसायच्या आधी तीच दिसते. तिच्या बुडाशी आमचा नळ. सकाळी पाणी यायचं तेव्हा घरातला प्रत्येक माणूस त्या भिंतीखाली वाकलेला. आणि भिंत आमच्यावर वाकलेली. माथ्यावरच्या फटीत एक पिंपळ उगवला होता. तो दरसाल चार पानांनी वाढायचा आणि भिंत दरसाल बोटभर पुढं यायची. दोघांचं बरं चाललं होतं.

आता मधली एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही, आणि त्यात माझी चूक आहे हेही कळायचं नाही.

अठ्ठ्याण्णव साली सुमितचं, माझ्या मुलाचं, लग्न झालं. मुलगी भांडगावची, तेजश्री. लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीचं नाव घालायची रीत. पण आमच्या दर्शनी भिंतीत एक दार, एक खिडकी आणि विजेचा मीटर. उरलेल्या जागेत 'सुमित' बसला असता, पण 'तेजश्री' खिडकीच्या गजांवर गेली असती. तेव्हा मी ठरवलं की नाव भावजींच्या भिंतीवर घालायचं. दोन हात चुना दिला. पेंटर बोलावला. मधोमध 'नमो बुद्धाय', खाली 'मंगल परिणय', मग सुमित चांगदेव ओहोळ आणि तेजश्री, दोन्ही बाजूंना कमळं. अक्षर हातभर उंच. पेंटर म्हणाला, साधा रंग लावतो, दोन वर्षांत जाईल. मी म्हटलं, पोरगा एकच आहे, तेलरंग लाव. लग्नाचं नाव आपल्या हातानं पुसायचं नसतं, उन्हापावसानं जाऊ द्यायचं असतं. चार वर्षं झाली तरी ते गेलं नव्हतं. मला त्याचं दुःखही नव्हतं. पार रस्त्याच्या टोकावरून वाचता यायचं. मला वाचता येतं ते एवढंच, दोन इयत्तांच्या बळावर, पण हे मी रोज वाचायचे.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत एक दिवस तेजश्री नळावर हंडा भरत होती. हंडा भरला, तो उचलून ती वळली, आणि ती जिथं वाकली होती बरोबर तिथं वरून एक वीट पडली. तेजश्रीला तेव्हा पाचवा महिना होता.  तिनं हंडा ठेवला आणि ती ओट्यावर बसली.  त्या दिवशी मी ठरवलं की पावसाळ्याच्या आत ही भिंत खाली आली पाहिजे, आणि ज्याची आहे त्यानं ती आणली पाहिजे.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. समोरची साखरबाई म्हणाली, "दोर लावून वढा. आपोआप पडंल."

"कुठल्या बाजूला?"

"तुमच्याच की. आधीच कललीय, सोपं जाईल."

सुमितचे वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते, रिटायर झाले तरी डोकं डेपोतच. ते भिंतीभोवती फेरी मारून आले, तिला दोन ठिकाणी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "बॉडी गेलीय, पर चेसी चांगली हाय. अजून दोन वर्सं काढंल." सव्वीस वर्षं या माणसानं ज्या गाड्यांना असं म्हटलं, त्या रस्त्यात बंद पडलेल्या मी स्वतः ढकलल्या आहेत.

मग कुणीतरी सांगितलं की पडीक, धोक्याच्या घराचा अर्ज नगरपालिकेच्या कचेरीत द्यायचा. कचेरी मालकाला नोटीस काढते आणि मालकाला हलावंच लागतं. हे मला पटलं. अर्ज लिहायला तेजश्री बसली, ती बारावी आहे. तिनं लिहिलं, 'कै. भामाबाई ओहोळ यांचे घर'. मी म्हटलं, "भामाबाईला तिथं कोण वळखतंय? आमच्या गल्लीत ओहोळांची नऊ घरं. सायेब यायचा आन् भलत्याचंच घर पाडून जायचा. ज्या भिंतीवर सुमित चांगदेव ओहोळ असं नाव हाय ते घर, असं लिही."

"आत्या, त्यानं घोळ होईल."

"तू बारावी शिकलीस, मी माणसं शिकले. लिही."

तिनं लिहिलं. खाली माझी सही घेतली. सही मला चांगली येते.

महिन्याभरानं मी बाजारातून कांदे घेऊन येत होते तर नळापाशी वीसेक बाया उभ्या. आमच्या नळावर एवढी गर्दी पाणी असतानाही नसते. भिंतीवर कागद डकवला होता, बरोबर दोन कमळांच्या मधे, 'मंगल परिणय'च्या खाली. तेजश्रीनं वाचला. श्री. सुमित चांगदेव ओहोळ यांस कळवण्यात येते की, आपण आपल्या मालकीची इमारत पडीक व धोकादायक अवस्थेत ठेवली आहे. तीस दिवसांत ती उतरवावी अथवा सुरक्षित करावी, नाहीतर कचेरी ती उतरवेल आणि खर्च आपल्याकडून वसूल करेल. खाली लिहिलं होतं, तक्रारदार, सौ. रंभाबाई चांगदेव ओहोळ.

साखरबाई म्हणाली, "चार वर्सांनी आला, पर आहेर आला."

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की रंभाबाईनं पोटच्या पोरावर केस टाकली. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात झालं की वाटणीवरून टाकली. तिसऱ्या दिवशी भांडगावहून तेजश्रीचे आईवडील आले, बरोबर डझनभर केळी आणि दोन जाणती माणसं. मी चहा ठेवला. व्याही घसा साफ करून म्हणाले, "विहीणबाई, लेकरांचं चुकत असतंय. कचेरीपर्यंत कशाला न्यायचं?" मी त्यांना बाहेर नेऊन भिंत दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खरं. पर सुमितनं बी घर असं पडीक ठेवायला नको हुतं."

सुमित रांजणगावच्या कंपनीत आहे. तिथंही पोचलं. तो घरी येऊन एवढंच म्हणाला, "आई, माझा सुपरवायझर मला विचारतोय की तुझं अजून एक घर हाय व्हय?" आणि जेवला नाही. जन्मात ज्यानं कुणाचं वाईट केलं नाही, त्याच्या नावाचा असा कागद मी चव्हाट्यावर लावला होता. मीच लावला होता. 

कचेरीत गेले. ईश्वर नावाचा कारकून. मऊ बोलणारा, पण मऊ माणसाला ढकलता येत नाही, हात आत जातो फक्त.

"मावशी, नाव तुमच्याच अर्जात हाय."

"ती भिंतीची खूण सांगितली मी. लग्नाचं नाव हाय ते."

"कागदाला खूण कळत न्हाई मावशी."

"एसटीवर मशेरीची जाहिरात असती. मग एसटी काय मशेरीवाल्याची?"

त्यानं खरोखर थोडा विचार केला. म्हणाला, "एसटीची तक्रार आमच्याकडं येत न्हाई." मग त्यानं रजिस्टर काढलं. घर भामाबाईच्याच नावावर होतं. ती गेल्यावर वारसाची नोंद करायला कुणी फिरकलंच नव्हतं. "आता मेलेल्या बाईला नोटीस लागत न्हाई," ईश्वर म्हणाला.

मी म्हटलं, "तिला लागली असती तर ती उठून भिंत लिपून गेली असती. जित्यांचंच अवघड हाय."

तो म्हणाला, खरा वारस असेल त्यानं अर्ज द्यावा, घर माझं आहे म्हणून सही करावी, की सुमितचं नाव निघालं.

पण माझा स्वभाव असा की अपमान भिंतीवर वाळत पडलेला मला बघवत नाही. घरी आले, चुना कालवला आणि रीत मोडून, जीव घट्ट करून, सुमितच्या नावावरून कुंचा फिरवला. तेलरंगावर चुना बसत नाही. नाव पुसलं गेलं नाही, नुसतं थोडं म्हातारं झालं. दोन दिवसांनी कचेरीतून पाहणीला माणूस आला आणि लिहून गेला की मालकानं रंगरंगोटी सुरू केली आहे.

मग सुमितचे वडील म्हणाले, निदान टेकू तरी देऊ, सुनबाई तिथंच पाणी भरती. ते खरंच होतं. निलगिरीच्या चार बल्ल्या आणल्या आणि भिंतीला लावल्या. डेपोतली सगळी अक्कल त्यांनी त्या चार बल्ल्यांना खर्च केली, काम चांगलं झालं. पुन्हा माणूस आला. त्यानं लिहिलं, मालकानं आधार देऊन दुरुस्ती चालू केली आहे. ईश्वरनं मला ते कौतुकानं वाचून दाखवलं.

"मावशी, तुमच्या बाजूचंच हाय. काम चालू दिसतंय."

"आरं बाबा, दुसऱ्याच्या भिंतीला आम्ही टेकू दिला. डोक्यात पडू नये म्हणून."

"दुसऱ्याच्या भिंतीला कोण टेकू देतंय?"

  अकरा वर्षं ज्यानं त्या घराला बोट लावलं नाही त्याला कुणी मालक म्हणत नव्हतं, आणि आम्ही जेवढी निगा राखू तेवढे मालक होत चाललो होतो. अजून एकदा झाडून काढलं असतं तर घर आमच्या सातबाऱ्यावर चढलं असतं.

तेव्हा मी दौंडला निघाले. रात्रीच तेजश्रीकडून दोन कागद लिहून घेतले. या वेळी तिनं सांगितलं तसंच लिहू दिलं. सकाळच्या एसटीनं न्हावरा, चौफुला करत दहाला पोचले.

रेल्वे कॉलनी बघितली की माणसाला वाटतं, भिंती अशाही असतात. ओळीनं क्वार्टर, सगळ्यांना एकच पिवळा रंग, दारावर नंबर, पुढं कापलेली मेंदी. भावजी घरीच होते, तापलेले होते. त्यांच्या मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता.

"या वहिनी. बघा हे. चार दिस झालं वॉशर गेलाय. तीन येळा कागद दिला हापिसात. कुणी ढुंकून बघत न्हाई. आपली म्हणून काय जबाबदारी असती का न्हाई मान्सांना?"

मी मालनबाईकडं, म्हणजे माझ्या जावेकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

"फिटर कोण हाय घरात?" मी विचारलं.

"मी इंजनाचा फिटर हाय वहिनी. नळ त्यांचं काम हाय."

पाणी प्याले आणि नोटीस पुढं ठेवली. भावजींनी चष्मा लावून वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा सैल पडत गेला. मला वाटलं, शरमले. तर म्हणाले, "बरं झालं की वहिनी. सुमितच्या नावावर लागलं. पोरगा आपलाच हाय, परका का हाय? आता तोच बघंल."

मी पिशवीतून दोन्ही कागद काढून त्यांच्यापुढं शेजारी शेजारी ठेवले.

"ह्या कागदावर लिहिलंय, घर माझ्या आईचं, मी वारस, भिंत मी उतरवतो. आन् ह्या दुसऱ्यावर लिहिलंय, घर सुमितचं, माझा आन् माझ्या पोराबाळांचा त्याच्यात काडीचा संबंध न्हाई. जो पटंल त्याच्यावर सही करा."

"अशी घाई काय वहिनी. बघू की."

"चारची एसटी धरायचीय. मला बी आता तिची सवय लागली."

त्यांनी दुसरा कागद उचलला. मग ठेवला. पेन उघडलं, बंद केलं. समोर भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी भामाबाईचा फोटो होता, डोक्यावर पदर, कॅमेऱ्यावर रागावलेली. भावजी तिकडं न बघता म्हणाले, "आईनं लिपलेलं घर हाय ते. संबंध न्हाई असं कसं लिहू?"

"मग पहिला घ्या."

"तिथं आलो की मला वाटतं, ती आत हाय. कुलूप काढलं की कळणार, न्हाई. म्हणून न्हाई काढलं, वहिनी."

अकरा वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं. मला वाईट वाटलं. मीही त्या बाईच्या हातचं खाल्लं आहे. पण वाईट वाटल्यानं भिंत सरळ होत नाही. मी म्हटलं, "तुमची आई आत न्हाई भावजी. माझी सून मातर रोज बाहेर हाय, त्या भिंतीखाली. सात महिन्याची."

मालनबाई म्हणाली, "पेन काय फिरवताय, सही करा की."

त्यांनी पहिल्या कागदावर सही केली. दुसरा मी फाडला नाही, घडी घालून पिशवीत ठेवला. माणसाचा भरवसा नसतो.

ईश्वरनं अर्ज घेतला, सुमितचं नाव काढलं, नवनाथचं घातलं आणि मला म्हणाला, "आधीच असं केलं असतं तर?" मला तेजश्रीचं 'घोळ होईल' आठवलं.

पुढच्या सुट्टीला भावजी आले, दोन गडी आणि हत्यारांची पिशवी घेऊन. चौदा एप्रिल नव्हता, फेटा नव्हता, पहिल्यांदाच ओळखायला वेळ लागला. कुलूप गंजून बसलेलं, सुमितच्या वडिलांनी ग्रीस दिलं. दार उघडलं. आत भामाबाईचं जातं होतं, जड म्हणून चोरांनी सोडलेलं. भावजी त्याच्याशेजारी जरा वेळ बसले. आम्ही कुणी आत गेलो नाही.

मग गडी भिंतीवर चढले आणि तसेच खाली उतरले. एक म्हणाला, पिंपळावर मुंजा असतो, मी घाव घालायचा नाही. सुमितचे वडील म्हणाले, मुंजाबिंजा काही नाही, पण बोधिवृक्षाची जात आहे, घाव आम्हीही घालू देणार नाही. दोघांची कारणं दोन टोकांची, पण झाड जागेवरच. साखरबाई समोरून म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या भिंत. झाडाला आधार हाय तेवढाच."

शेवटी भावजी स्वतः वर चढले. छन्नी आणि हातोडीनं एकेक वीट सुटी करत, एकेक मूळ मोकळं करत, संध्याकाळपर्यंत त्यांनी पिंपळ अख्खा बाहेर काढला, पान न पडू देता. इंजिन खोलणारा माणूस आहे, मनावर घेतलं तर खोलतो. माती भरून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तो लावला. मग भिंतीला वेळ लागला नाही. पुढच्या सुट्टीत ती पुरी उतरली. 'सुमित'मधला 'सु' लिहिलेला गिलाव्याचा तुकडा मी उचलून ठेवला. 'तेजश्री'चा तेजश्रीनं ठेवला. कमळं कुणाला सापडली नाहीत.

नळावर ऊन आलं. तेजश्रीनं हंडा लावला आणि वर न बघता भरला.

भावजींनी हातपाय धुतले, जेवले, पिशवी खांद्याला लावली. जाता जाता पिंपळाचा डबा उचलून त्यांनी आमच्या नळाशेजारी ठेवला, जरा हलवून नीट बसवला, आणि म्हणाले, "वहिनी, ह्ये असू द्या इथंच. तुम्ही पानी घालताच की." आणि चारच्या एसटीला निघाले.

मी डबा काखेत मारला आणि त्यांच्यामागं स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती, भावजी खिडकीशी बसलेले. मी आत चढले, डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. पान त्यांच्या तोंडावर आलं, ते त्यांनी बाजूला केलं. गाडीतली माणसं बघत होती, कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबला होता. बघू दे म्हटलं.

"भावजी," मी म्हणाले, "घर तुमचं, भिंत तुमची हुती, झाड बी तुमचंच. दौंडला लावा, तुम्हीच पानी घाला. मी दर चौदा एप्रिलला यीन. मालनबाईच्या हातचं पोटभर जेवीन, झाडापुढं कमरेवर हात ठेवून पाच मिनटं हुभी ऱ्हाईन, म्हणीन, यंदा काहीतरी करायला पायजे, आन् चारची एसटी धरीन."